सुनीच्या पत्रिकेतलं नाव

७ एप्रिल
कीबोर्ड मेला. दुकानात माझ्या सुनीच्या लग्नाची पत्रिका टाइप करत होती. गावभरच्या पोरींच्या केल्या या टेबलावर, आपलीची आली तं याले मरण आलं. पिन काढून घातली. बंद-चालू केलं. दिवा लागते, अक्षर उमटत नाही. माउसही अडकून. गोळी काढून पुसली. शेजारच्या जिनिंग मिलचा कापूस निघाला, नेहमीसारखा.

८ एप्रिल
सकाळी आपोआप चालू. मामंजींच्या नावामागं कै. बरोबर बसलं. मग भाऊजींनी, यांच्या थोरल्या भावानं, सांगितलं तसं यांच्यासाठीही कै. टाकलं. यांच्या नावाचं पहिलं अक्षर, अन् ठप्प.
हे नांदुरा स्टेशनावर कागदाचं पार्सल आणायले गेले ते आलेच नाहीत. सुनी तवा पाळण्यात. मेले कोणी पाह्यलं? यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. आता बोटानं घ्या, तेही मेलेलं.

९ एप्रिल
सलीमभाई दुरुस्तीवाला आला. नवा कीबोर्ड लावला. वाट्टेल ती नावं टाकली, पळते. कै. टाकून यांचं आलं की बंद.
"भाभी, वायरमंदी काही नाही."
"मंग कशात हाय?"
चहा न पिताच गेला.

१० एप्रिल
भाऊजी आले. "सुनीची माय, तुले टाकायचंच नाही म्हून नाटकं करून राह्यली."
म्हटलं, तुमीच टाका. बसले. कै. उमटलं, पुढं काही नाही. दोन्ही हातांनी आपटलं. माउसले कोणाचा हात नव्हता, तरी बाण सरकत सरकत त्या कै. वर जाऊन थांबला.
भाऊजी उठले. दारातून म्हणे, "कुंकू लावून मांडवात फिरशीन तं लोक हसतीन."
हसू द्या म्हटलं.

११ एप्रिल
छपाईवाला खोळंबला. सुनी म्हणे, "आई, नुसतं बाबांचं नाव टाक." टाकलं. झरझर उमटलं.
"म्हंजे बाबा हायेत!"
"मशीनचं काय ऐकते वं?"
तिले दटावलं. मग आत जाऊन कुंकू ठसठशीत केलं.

१९ एप्रिल
पत्रिका वाटल्या. नवरदेवाची माय विचारते, व्याही कधी येतात? बाहेरगावी हायेत म्हटलं. येतीन. एवढं सहज कसं बोलली मी...

२३ एप्रिल
उद्या हळद. दुपारी दुकानात एकटीच. काऊन केलं कोण जाणे. कै. टाकलं, पुढं यांचं नाव.
दोन्ही उमटलं. कुठंच अडकलं नाही. तवा हे हायेत म्हून अडत होतं, मंग आता?
पुसायची कळ दाबली. चालत नाही. दाबून दाबून बोट दुखलं. माउसनं पाह्यलं, बाण त्या नावाजवळ जातच नाही. बाकी सगळं चालते.
बोळीत सुनीचा आवाज. बांगड्यावालीशी हसून राह्यली. मॉनिटरवर टॉवेल टाकला. बटण बंद करायले हात जात नाही. सुनी अजून बोळीतच, अन् दार वाजलं