गेणूबाबांची सोबत

नाशिकरोड,
१४ जानेवारी २००३

ती. सौ. मैनाताई हिस,
धाकट्या सावळीरामचा शि. सा. न. वि. वि. तिळगूळ पाकिटातच घातलाय. फुटला असेल तर चूर्ण समजून घ्या.

ताई, तुझा भाऊ मोठा माणूस झालाय. हसू नकोस. सुटल्यापासून मी फकिराभाऊंच्या सुतारकामाच्या दुकानात आहे आणि त्यांचं ते मंडळ तुला ठाऊक आहेच. सगळे आमच्यासारखे, आत राहून आलेले. कोणी सुटणार असला की आमच्यातला एक जण जेलच्या गेटाबाहेर चहाचा थर्मास घेऊन उभा राहतो आणि पुढं तीन महिने त्याची सोबत करतो. रेशनकार्ड, दवाखाना, काम, घरच्यांची गाठ, सगळं. माझ्या वेळी फकिराभाऊ उभे होते. समोरचा रस्ता ओलांडायला मला अर्धा तास लागला होता. तेवढा वेळ ते शेजारी उभं राहून शेंगा खात होते.

आता मला सोबती नेमलंय. माझा पहिला माणूस गेणूबाबा. पेठकडचे, साठी ओलांडलेले, चौदा वर्षं काढून आलेले. मंडळाचे नियम दोनच. गुन्हा विचारायचा नाही आणि भाषण द्यायचं नाही. मी गेटापासून बसस्टँडपर्यंत भाषणच दिलं. जग कसं बदललंय, धीर कसा धरावा, गर्दीला कसं भिऊ नये. बाबांना गंगेवर, रामकुंडात आंघोळ करायची होती. बोलण्याच्या नादात मी त्यांना एकलहऱ्याच्या बसमध्ये बसवलं. वीजकेंद्राची धुराडी दिसायला लागली तेव्हा बाबा हळूच म्हणाले की भाऊ, मी लय वर्सांनी आलोय, पण गंगेतून धूर निघत नव्हता. परतीची बस त्यांनीच विचारून काढली. कोण कोणाची सोबत करतंय हे फकिराभाऊंना अजून सांगितलेलं नाही.

दाजींना नमस्कार, ज्योत्स्नाला आशीर्वाद. माझ्यावरची माया आहे तेवढी पुरे, फक्त कमी करू नकोस.

तुझा,
सावळ्या


चांदोरी,
२ फेब्रुवारी २००३

चि. सावळीराम यास,
मैनाताईचे अनेक आशीर्वाद. तिळगूळ चूर्णच निघाला. तुझे दाजी चहात घालून प्यायले.

तुझं पत्र वाचून ज्योत्स्ना पोट धरून हसली. लहानपणी मला बाजारात हरवून तू एकटाच घरी आला होतास आणि ताई हरवली म्हणून रडत बसला होतास, तेही तिला सांगितलं.

आनंदाची बातमी म्हणजे ज्योत्स्नाचं लग्न ठरलं. मुलगा महेश, देवळाली कॅम्पात बँकेत आहे. वडील लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, शिस्तीचे पण सरळ. अकरा मे धरलाय.

आता पुढचं लिहायला मी तीन कागद फाडले. त्यांनी बैठकीत विचारलं की मुलीचे मामा दिसत नाहीत. माझ्या तोंडून निघून गेलं की मामा वापीला कंपनीत असतात आणि सुट्टी मिळत नाही. मांडवात मुलीला घेऊन यायला आपला चुलतभाऊ लहानू उभा राहील असंही बोलून बसले. सावळ्या, दहा वर्षं तुझी वाट पाहिली आणि ऐन वेळी तुला वापीला धाडलं. रागावलास तर तसं लिही, पण गप्प बसू नकोस.

प्रकृतीला जप. बहिणीला अंतर देऊ नकोस.

तुझी ताई,
मैना


नाशिकरोड (मुक्काम वापी),
२३ मार्च २००३

ती. सौ. ताई हिस,
सावळीरामचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. वापीची हवा मानवली, कंपनी चांगली आहे. ताई, मी रागावलो नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पाहुण्यांसमोर उभं राहायला नको, कोणाच्या नजरा नकोत. लाज वाटली ती ह्या हायसं वाटण्याची, आणि तीही नंतर.

झालं असं की गेणूबाबा घरी जायचं टाळत होते. आधी म्हणाले संक्रांतीनंतर, मग शिवरात्रीनंतर. मी त्यांना दुसरं भाषण दिलं. आपल्या माणसांना तोंड दाखवायला भिऊ नये, खरं बोलून मोकळं व्हावं, असं बरंच काही. सकाळी पाहतो तर दुकानातून बाबा गायब. दोन दिवस मी सीबीएस स्टँड, रामकुंड, त्र्यंबकची बस, सगळं पालथं घातलं. सापडले कुठं, तर जेलच्या गेटासमोर निंबाखाली बसलेले. म्हणाले की दुसरीकडं कुठं मला नावानं वळखत नाय कोनी.

माझ्याकडं तिसरं भाषण तयार होतं. पण बाबांनी सरकून मला जागा दिली म्हणून ते राहिलं, आणि बरंच झालं. दुपारपर्यंत आम्ही नुसते बसलो. मग बाबाच उठले. म्हणाले की चल, जातो घरी, तू संगं ये, पण बोलू नको.

पेठच्या पुढं तासभर चाल आहे. कुसाबाई, म्हणजे त्यांची बायको, अंगणात नागली पाखडत होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली की दोनच भाकरी हायेत, आजून टाकते. चौदा वर्षांनंतर एवढंच बोलली. बाबा चुलीशी जाऊन बसले आणि जळण पुढं सारायला लागले.

निघताना बाबांनी मला विचारलं की तुजं घर कुठं. मी थट्टेनं वापी म्हणालो आणि सगळा प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले की तू संगं व्हता म्हनून मी आलो, आता मी तुज्यासंगं येतो.

गुरुवारी आम्ही दोघं देवळाली कॅम्पात तुझ्या व्याह्यांकडं गेलो. मी सांगितलं की वापी खोटी आहे. टेम्पो भरायच्या नंबरावरून भांडण झालं, मी लोखंडी दांडा उचलला, माणूस मेला. त्याच्या मागं बायको आणि दोन लेकरं राहिली. दहा वर्षं आत होतो. बाबा शेजारी बसून होते. हवालदारसाहेब म्हणाले की कळवतो.

तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी आनंदानं ऐकलं असतं. सोयरीक मोडली तर दोष माझा. एवढं झाल्यावर भाऊ म्हणवून घेशील का, ते कळव.

तुझा,
सावळीराम


चांदोरी,
५ एप्रिल २००३

चि. सावळीराम यास,
आशीर्वाद. ते सवयीनं लिहिले, मनातून आज देववत नाहीत.

आठ दिवस घरात कोणाला अन्न गोड लागलं नाही. तुझे दाजी ओट्यावर बसून राहायचे. तुला एक खबर धाडता आली नाही का रे? माझ्या लेकीच्या जन्माचा प्रश्न होता. तू तुझं मन हलकं केलंस आणि ओझं माझ्या दारात आणून टाकलंस.

काल हवालदारसाहेब आले. म्हणाले की महेशला विचारलं, लग्न होणार. तुझ्याबद्दल वाईट एक अक्षर बोलले नाहीत. मला मात्र म्हणाले की बाई, तुमच्या भावानं सांगितलं ते तुम्ही सांगायला हवं होतं. जेलात तू गेलास आणि मान मी खाली घातली.

विहीणबाईंनी अट घातलीय. मामांनी यावं, जेवावं, पण मांडवात मामा म्हणून उभं राहू नये. चार लोक काय म्हणतील. मी हो म्हणाले. तू ये. गेणूबाबांना आण. नाही आलास तर मात्र खरंच वापीला धाडीन.

तुझी,
ताई


चांदोरी,
१७ मे २००३

चि. सावळीराम यास,
मैनाताईचे अनेक आशीर्वाद, ह्या वेळी मनापासून.

लग्नाच्या गडबडीत तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू मागं गेणूबाबांबरोबर भाताच्या पातेल्याशी होतास, म्हणून आतलं तुला ठाऊक नाही.

मुलीच्या मामांना भटजींनी दोनदा पुकारलं. लहानू नवा फेटा बांधून दारात उभा. ज्योत्स्ना उठेना. लहानूला म्हणाली की मामा, तुमच्या पाया पडते, तुमच्यावर राग नाही. वेळ का होतोय म्हणून विहीणबाई स्वतः आत आल्या. ज्योत्स्नानं त्यांनाच सांगितलं की जे खरं बोलले ते मागं भात शिजवतायत आणि जी खोटं बोलली ती आई पुढं मिरवतेय, ह्या पायांनी मला मांडवात येववत नाही.

सावळ्या, मी भिंतीला टेकले. विहीणबाईंनी खिडकीतून मागं पातेल्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या की बोलवा त्यांना. हात धुऊन यायला सांगा, भाताचे असतील.

एवढंच सांगायचं होतं. मंडळाला आणि फकिराभाऊंना आमचा रामराम. येत जा. आता कारण शोधू नकोस.

तुझी ताई,
मैना


नाशिकरोड,
२६ मे २००३

ती. सौ. मैनाताई हिस,
सावळीरामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दाजी पळत आले तेव्हा मला वाटलं भात कमी पडला. मी घाईनं आणखी तांदूळ चढवायला निघालो होतो. त्यांनी दंडाला धरून नेलं तेव्हाही वाटलं की आता बाहेर काढतायत, आणि मी मुकाट्यानं चाललो होतो.

गेणूबाबा आता मंडळात आहेत. पुढच्या सोमवारी गेटावर तेच जाणार, थर्मास धरायला मी. त्यांची अट अशी की सावळीरामनं बोलायचं नाही.

मांडवातलं मात्र तुला दुरून दिसलं, ऐकू आलं नसेल. ज्योत्स्नाचा हात धरला आणि एवढे लोक बघतायत म्हटल्यावर मी मान खाली घालून भराभर चालायला लागलो. पोरीला शालू सावरेना. ती कानाशी हळूच म्हणाली की मामा, हळू चाला, आपण पळून नाही चाललो.

मग मी मान वर केली आणि हळू चाललो.

तुझा,
सावळीराम