विहिरीवर बसलेली वाघीण

रविवार, १२ जानेवारी, नाशिक

जुना कॉम्प्युटर आज भंगारात द्यायचा होता, आणि माझा जीव अडकला होता त्यातल्या वाघिणीत. वाघीण म्हणजे ऑनलाइन गेममधली आमची तलवारवाली बाई. माझी आणि माझ्या मैत्रिणीची, मंजूची, मिळून एकच. तिला पेन ड्राइव्हवर घ्यायला बसले, तर धाकटा भाऊ हसायलाच लागला. "ताई, ती या डब्यात नाहीये गं. नव्या लॅपटॉपवर लॉगिन कर, होती तशी सापडेल."

मंजूचे वडील लष्करात. देवळाली कॅम्पातल्या सायबर कॅफेत आम्ही दोघी आळीपाळीने खेळायचो. उठताना वाघिणीला गावातल्या विहिरीवर बसवायचं, म्हणजे दुसरीने समजायचं, आता तुझी पाळी. मग त्यांची बदली झाली, मंजूचा नंबर बदलला. मी घरी या कॉम्प्युटरवर एकटीच खेळू लागले; पुढे माझी नोकरी, लग्न. वाघीण जंगलात अर्ध्या वाटेवरच राहिली.

पासवर्ड बोटांना अजून पाठ होता. पण वाघीण होती तशी नव्हतीच! अंगात नवं चिलखत, आणि बसलेली कुठे, तर विहिरीवर. पासवर्ड आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत? कधीपासून वाट बघत बसवलं असेल मंजूने तिला? आणि मी इकडे समजत होते, ती विसरली.

जागची हलवावीशी वाटेना. पण पाळी माझी होती. जेवणाची हाक येईपर्यंत खेळले, मग तिला परत विहिरीवर नेऊन बसवलं. हातात जंगलातलं एक लाल फूल दिलं. नाहीतर मी येऊन गेले, हे मंजूला कळणार कसं?