वाहवाचं पायडल

धुळे, ३ मार्च १९९१

चि. रुपचंद यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. इकडे आई, प्रमिला, मुलं खुशाल आहेत.

देवचंद भाऊजींबरोबर जळगावहून धाडलेलं तुझं गिटारचा सूर वळवायचं पायडल पोचलं. त्याला 'वाहवा' म्हणतात असं तू लिहिलंस, म्हणून मोठ्या आशेने पिशवी उघडली. निघालं काय, तर पत्र्याची चप्पल, तीही एकाच पायाची! स्वस्तात मिळालं म्हणतोस. दुकानदाराने अडगळ काढली आणि तू ती नवसाने घेतलीस.

तरी तू म्हणालास म्हणून पारखून पाहिलं. आपल्या पार्टीतल्या निंबाने बेंजो बाजूला ठेवून इथे ठेवलेली तुझी गिटार गळ्यात घेतली, पाय मी ठेवला. पहिल्या सुरापासून वँव वँव वँव वँव! शेजारच्या लिलाबाई विचारायला आल्या, कोणाचं पोर पडलं का. यंदा शताब्दीची जयंती. शिरपूरच्या कार्यक्रमाला पाच गायन पार्ट्या आहेत, तिथे वंदनगीतात गिटार जांभया देऊ लागली तर हसं माझं होईल. या डबड्याशिवाय तुला चैन पडत नसेल तर यंदा येऊ नकोस, निंबाचा बेंजो पुरे.

आईची कंबर धरली आहे, मलम पाठव. लोभ आहे तेवढाच आहे, डबड्यामुळे वाढलेला नाही.
तुझा नाना (अभिमन)

जळगाव, ९ मार्च १९९१

ती. नानांस,
सविनय जयभीम वि. वि.

सहा वर्षं तुमच्या पेटीमागे उभा राहून वाजवतो आहे. मला काढून निंबाचा बेंजो? ते वाक्य फार लागलं.

पण नाना, पाय कोणी ठेवला ते तुम्हीच लिहिलंत. तुम्ही जन्मभर पायपेटी वाजवलेले. पायाखाली काही आलं की भाता मारायला लागता. यात हवा भरायची नसते हो! पाय ठेवून थांबायचं, सूर लांबला की हळूच पुढे दाबायचं. तुम्ही दर मात्रेला हाणलंत, मग ते बोंबलणार नाही तर काय करणार? आमच्या दुकानातला जीवराम तुमचं पत्र ऐकून स्टुलावरून पडला.

आपल्या आबांनी रचलेलं गाणं घ्या आणि ओळीच्या शेवटी एकदाच लावून बघा. मग नको म्हणालात तर मी येणार नाही.

मलम धाडतो आहे. राग निवळल्यावर लोभ करावा.
तुमचा रुपचंद

धुळे, २० मार्च १९९१

चि. रुपचंद यास,
आशीर्वाद व जयभीम. थोरल्या भावाची पत्रं दुकानात वाचून दाखवतोस, शाबास! जीवरामला फार लागलं नसावं अशी आशा आहे, थोडं लागलेलं चालेल.

पायडलाबद्दल माझं मत तेच आहे. पत्रा हलका, स्क्रू ढिला, बॅटरी चार दिवसांत बसली. तरी नवी घालून आबांचं गाणं लावलं. माझा पाय थांबेना, तेव्हा निंबाने गुडघा धरून ठेवला. हे जीवरामला सांगू नकोस. शेवटचा सूर लांबला, मी हळू दाबलं, आणि आई लसूण टाकून उठून आली. विचारू लागली, हाऊ कोन गाई ऱ्हायना? आबाही शेवटचा सूर असाच ओढायचे. आबा गेल्यापासून या गाण्याला ती कधी बसली नव्हती. चार वेळा वाजवायला लावलं. पाचव्यांदा माझ्याने गाववलं नाही रे.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने ये. कापडी फलक रंगून आला आहे. दरवर्षी 'अभिमन आणि पार्टी' असतं, यंदा 'अभिमन-रुपचंद आणि पार्टी' आलं आहे. पेंटर चुकला असं मी सगळ्यांना सांगतो आहे. तूही तेच सांग.
तुझा नाना