घासलेला उल्कापाषाण

बाबा,

काल चंडीगढजवळच्या खरड गावात एका परक्या बाईवर मी ओरडले, आणि तो राग खरं तर तुमच्यावरचा होता. तिच्या जिन्यावरचा पत्रा फोडून आकाशातला लिंबाएवढा दगड घरात पडला होता. कुणीतरी विद्यापीठात कळवलं म्हणून मी पोहोचले, तर तिने तो भांड्यांच्या साबणाने धुऊन, मोहरीचं तेल चोपडून ताटात ठेवलेला. "मॅडमजी, मिट्टी लगी थी, साफ कर दिया," ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. उघडा हात लावायचा नाही, पाणी तर अजिबात नाही, फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवायचा, सोबत बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकायच्या, हे तिला कोण सांगणार होतं? ओरडून झाल्यावर मी तिची माफी मागितली.

तुम्हाला मात्र मी सांगितलं होतं. अकरा वर्षांची होते. इथेच चंडीगढला, आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात दगड पडला तेव्हा पत्र्याचं भोक आधी मी पाहिलं. शाळेतल्या बाईंना दाखवेपर्यंत कुणी हात लावू नका, अशी चिठ्ठी डब्यावर चिकटवली. रविवारी तुमचे साहेब जेवायला येणार होते. मी मैत्रिणीकडून परतते, तर तुम्ही पायरीवर बसून बक्कल चमकवायच्या पॉलिशने तो घासताय. खाली येताना जळून त्यावर बसलेला काळा पापुद्रा फडक्यावर उतरलाय. मी रडले, तर म्हणालात, "अगं, वस्तू कशी लख्ख पाहिजे. दगडासाठी रडतात का?" साहेबांसमोर तो सागवानी ठोकळ्यावर मिरवला, आणि सापडला कुणाला हे तुम्ही सांगितलंसुद्धा नाहीत. चिठ्ठी तुम्ही वाचली होती. कळूनसवरून केलंत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी मला ते माफ करता येत नाही.

आता आपला तो दगड माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरचं गेलं तरी आतलं शाबूत असणार. मधोमध कापला की तो कुठल्या जातीचा ते कळेल. कापायला यंत्र आहे, ते चालवणारी मीच. सहकाऱ्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं. यंत्र ठणठणीत आहे. पण कापला तर तुम्ही घासून चमकवलेली बाजू मधोमध चिरली जाईल, आणि तुमच्या हातचं माझ्याकडे दुसरं काहीच नाही.