पार्थेनॉनच्या पायथ्याशी

हायडेलबर्ग,
२० सप्टेंबर १९६२

ती. आईस मालिनीचा नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, ह्यांचं प्रयोगशाळेतलं काम ठीक चाललं आहे, थंडी पडायला लागली आहे. खुशाली संपली. आता रागावून लिहिते आहे, तेव्हा चष्मा लावून नीट वाच.

शुभा शहाणी झाली आणि चार दिवस बाजूला बसली, हे तू किती सहज लिहिलंस! शाळेच्या गणपतीपुढे भाषणाची स्पर्धा, पोरीने महिनाभर घोकलेलं भाषण, आणि तू तिला 'गणपतीसमोर कशी उभी राहणार?' म्हणून माजघराच्या कोपऱ्यात बसवून ठेवलीस. वर लिहितेस, 'थोडी रडली, मग गप्प झाली.' बारा वर्षांची पोर गप्प झाली म्हणजे तिला पटलं, असं वाटतं का गं तुला? तिची शाळा बुडू नये म्हणून काळजावर दगड ठेवून मी तिला दोन वर्षं तुझ्यापाशी ठेवली, ती काय यासाठी?

शेवटी तू विचारलं आहेस, अथेन्सच्या फोटोंत मी एकाही ठिकाणी कशी नाही. फोटो हे काढत होते, हे एक उत्तर. ऊन फार होतं, हे दुसरं. इथल्या घरमालकिणीला मी तेच सांगितलं.

खरं सांगायचं तर मी वर गेलेच नाही.

बी.ए.ला असताना अॅक्रोपोलिसच्या टेकडीचा नकाशा मी पुस्तक मिटून काढत असे. म्युनिकहून दोन दिवस आगगाडीत अंग आंबवून गेलो आणि नेमकी टेकडी चढायच्या सकाळी माझी अडचण आली. हे म्हणाले, "अगं, पार्थेनॉनमध्ये आता देव कुठे आहे? छप्परसुद्धा नाही."

मी म्हटलं, "देऊळ ते देऊळ."

"तुझी मर्जी," म्हणून हे कॅमेरा घेऊन वर गेले. एवढे डॉक्टरेट करणारे, पण हात धरून ओढून न्यायला काय झालं होतं? मी खाली दगडावर दोन तास बसले. एक म्हातारी जर्मन बाई थांबली आणि विचारायला लागली, "आजारी आहात का?" मी "नाइन", म्हणजे नाही, म्हटलं. पुढे काय सांगणार, कपाळ? ती काठी टेकत वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची परतीची गाडी होती.

आई, तिथे मला कोणीही अडवलं नव्हतं. तू हजारो मैल लांब होतीस. तरी मी बसले, कारण तेराव्या वर्षी तू बसवलंस तेव्हा मीही थोडी रडून गप्प झाले होते. मला तुझा संताप येतो, ह्यांचा येतो, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा येतो.

तेव्हा ऐक. शुभाला यापुढे बाजूला बसवायचं नाही. शाळेत जाऊ दे, देवाला हात लावायचा तर लावू दे. पाप लागणार असेल तर ते माझ्या माथी. तुला जमणार नसेल तर तसं उलट टपाली कळव. तिचं वर्ष वाया गेलं तरी चालेल, मी येऊन तिला घेऊन जाईन. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, आज सांगणार आहे.

सोबत शुभाच्या नावाचं वेगळं पाकीट आहे. त्यात तिला ही सगळी हकिगत लिहिली आहे, माझ्या मूर्खपणासकट. ते तिच्या हातात दे. तू फोडू नकोस.

तुझ्यावर रागावलेली,
शुभाची आई
मालिनी