नेमसिंग नायकाले राजा करा

याडी, माह्ये माय, तुह्या पायावर डोकं ठेवतो.

हैदराबादेत मी खुशाल हाओ, दोन्ही टाइम जेवतो. फोनवर बापू स्पीकर लावतेत, म्हणून चिठ्ठी लिहून राह्यलो. लहान्या पुष्पाकडून वाचून घेजो.

सरपंचाच्या निवडणुकीत एकमेकासमोर उभे राह्यले, तवापासून बापू अन् काका बोलत नाहीत म्हणे. आता तांड्यात होळ्याही दोन पेटवता काय? माह्यं ऐका, निवडणूकच बंद करा अन् आपल्या नेमसिंग नायकाले राजा करा. पिढीजात पगडी हाये, मिशा हायेत, अन् काम काहीच नाही. होळीच्या पहाटे ते फक्त "पेटवा" म्हणतेत. मत मागाले कोणाच्या दारी गेले नाहीत, म्हणून त्यायच्यावर कोणी रुसत नाही. नळाले पाणी सरपंच असून येत नाही, राजा असून बी येणार नाही. पण भाऊ-भाऊ तर बोलतीन!

तुहा गुडघा कसा हाये? तेल लावतं ना?

पुष्पे, पुढचं याडीच्या कानात वाच. मतदानाले आलतो तवा बापू का काका, बोट कोणावरच जाईना. मी नोटाचं बटन दाबलं. बापू एका मतानं पडले.

राजा असता तर मले कोणी विचारलंच नसतं.

तुहाच लेक,
रोहिदास