औषधाच्या पंपाशेजारून

बाळाच्या आईस,

तुझी चिठ्ठी अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने पोचवली. टाके दुखतात का? आई वेळेवर जेवायला घालतात ना?

इथे सगळं ठीक आहे. हृदयाजवळची जी वाट जन्मानंतर मिटते, तिच्यावरच आपल्या बाळाचं रक्त चाललंय. ती उघडी राहावी म्हणून पंपाने प्रोस्टाग्लँडिन देतात. डॉक्टर म्हणाले, ते औषध फुफ्फुसातून एकदा फिरलं की बहुतेक मोडून जातं, म्हणून पंप थांबता कामा नये. अंग लाल होतं, ताप येतो, तो औषधाचाच परिणाम. घाबरू नकोस.

आज पंपाचा सूर बदलला. मी हाक मारली. नळी दुमडली होती.

"अहो, मशीनच्या आधी तुम्हीच ओरडलात!" सिस्टर म्हणाल्या.

"वीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त करतोय, सिस्टर."

सगळे हसले. मीही हसलो असेन.

उद्या सकाळी ऑपरेशन. ते नीट झालं की पंप काढतील.

तू विचारलंस, रडतो कुणासारखा? त्याच्या घशात श्वासाची नळी आहे, आवाज फुटत नाही. माझे कान एवढे तिखट, पण त्याचं रडणं अजून ऐकलेलं नाही. ऐकलं की आधी तुलाच सांगेन.

तुझाच,
पंपवाला